माळवदावरची माती

सोलापुरात वळीव येतो तेव्हा थेंबांच्या आधी वारा पोचतो. वैशाखातल्या दुपारी आभाळ एकदम काळवंडतं, धुळीचा लोट उठतो आणि घरोघरी छपराची काळजी जागी होते.

माझ्या लहानपणी आमचं छप्पर मातीचं होतं. लाकडी तुळया, त्यांवर आडवे सर, फळ्या, पाल्याचा थर आणि वर जाडजूड माती. रोहिणी निघण्याआधी सगळं घर माळवदावर चढायचं. वाळलेलं गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. मग पाट्या-पाट्यांनी पांढरी माती वर यायची. काळी माती वाळली की भेगाळते. पांढरी भिजली की दबून, चिकटून बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. पाणी शिंपडून ती चोपताना जो वास सुटायचा, तो मला अजून पहिल्या पावसाहून प्रिय आहे. खाली खोलीत भर उन्हात गारवा असे. रात्री वर अंथरुणं पडत. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातलाही बराचसा उत्तरा-हस्तातला. एवढ्याला माती पुरून उरायची.

पण नवी माती घालताना जुनी कुणी खरवडत नसे. थरावर थर चढत गेले, छप्पर जड होत गेलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपलेली असताना, किल्लारीला जमीन हादरली. दगडामातीच्या भिंती कोसळल्या आणि गारवा देणाऱ्या त्याच छपरांखाली हजारो जीव गाडले गेले. त्यानंतर माळवदाखाली झोपायचं लोकांना भय वाटू लागलं.

आता पत्रे आहेत. पत्रा हलका, भूकंपात बरा. वळवात मात्र तोच हलकेपणा नडतो. वारा वळचणीखालून शिरतो, वरून ओढतो, आणि सैल झालेली कड आधी उचलली जाते. म्हणून लोक वर दगड ठेवतात. ते दगड पाहून माझ्या पोटात गोळा येतो. पत्रा उडाला की दगड खालच्या बाजेवर येतो, आणि बाजेवर लेकरू असतं.

पाडवा झाला की शिडी लावा. गंजलेले हूक बदला, कडेच्या रांगेत ते जवळजवळ घ्या. माळवद असेल, तर आधी जुनी माती उतरवा, मगच नवी घाला. आणि पत्र्यावरचे दगड, ते तेवढे आजच खाली काढा.