शेजपाळी

माझी नोकरीची बहुतेक वर्षं बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गेली. शेवटच्या शाळेला २००९ साली माजी विद्यार्थ्यांनी तीन लॅपटॉप भेट दिले. पाचवी ते आठवीच्या आठ तुकड्या आणि लॅपटॉप तीन! त्याची ही गोष्ट.

तेव्हा भारनियमन जोरात होतं. संगणक खोलीतली यंत्रं ऐन तासाला बंद पडायची. लॅपटॉप मात्र बॅटरीवर दीड-दोन तास चालायचा, शिवाय वर्गात नेता यायचा. आम्ही सगळेच हरखून गेलो होतो.

पण दोन महिन्यांत वेगळंच दिसू लागलं. लॅपटॉप ऑफिसच्या कपाटात असत. एकावर कायम कुठली तरी माहिती भरणं चाले, कारण वरून "आजच पाठवा" असा निरोप असे. उरलेले दोन ऑफिसला लागून असलेल्या वर्गांत जात. मैदानापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत आठवी 'ब' भरे. तिथे लॅपटॉप पोचलाच तर बॅटरी संपलेली! त्या वर्गाच्या बाईंनी शेवटी मागणंच सोडून दिलं. वहीत त्यांची सही नाही, म्हणजे त्यांना गरज नाही, असा सोयीचा अर्थ सगळ्यांनी काढला.

त्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं होती. आमच्या भागात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचे कारखाने. गळीत हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपला की बिऱ्हाड उचलून जातात. "पुढच्या महिन्यात तुमचा नंबर" हे त्या मुलांना सांगण्यात काय अर्थ? पुढच्या महिन्यात ती इथे असतीलच असं नाही.

उपाय सुचवला आमच्या शिपाईमामांनी. त्यांची थोडी शेती नीरा डाव्या कालव्याच्या टेलला होती. म्हणाले, "बाई, शेजपाळी लावा की. शेवटाकडनं."

कालव्याच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शेजपाळी म्हणजे पाण्याचा ठरलेला क्रम. हंगामाआधी अर्ज घ्यायचे, यादी लावायची आणि शेतामागून शेत पाणी द्यायचं. त्यातही पाळी टेलपासून सुरू करून वर येत गेलं, तर शेवटच्याला खात्रीनं पाणी मिळतं. वरून सुरुवात केली तर टेलला नुसता ओला पाट दिसतो. आणि पिकाला वेळेवर न मिळालेलं पाणी नंतर देऊन उपयोग नसतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.

बैठकीत बरीच वादावादी झाली. विज्ञानाचे सर म्हणाले, "ज्याला चांगलं वापरता येतं त्याला द्या." मी म्हटलं, "सर, हातात आल्याशिवाय वापरता येणार कसं?" अखेर मुख्याध्यापकांनी तीन नियम केले. दर सोमवारी पाळी पत्र्याच्या खोलीपासून सुरू व्हायची. ज्यानं वापरला त्यानं चार्जिंगला लावूनच सही करायची. आणि ऑफिसचं काम शाळा सुटल्यावर.

तिसरा नियम सगळ्यांत अवघड गेला, कारण माहिती मागणाऱ्याला घाई असते आणि मूल बिचारं काहीच मागत नाही. तरी तो बराचसा पाळला गेला. गावी परतण्याआधी ऊसतोडीच्या एका मुलीनं स्वतःचं नाव मराठीत टाइप केलं आणि वर्गातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. ती पुढे किती शिकली, कुठे असते, कोण जाणे. पण तिची पाळी तिला मिळाली.

आता माझी सून शिक्षिका आहे. २०१५ साली 'सरल' आलं, 'यू-डायस'ची माहितीही ऑनलाइन भरायची असते. ती म्हणते, "आई, लॅपटॉप वाढले, पण वर्गात यायला त्यांना अजून सवड नाही." करोनात २०२० मध्ये घरोघरी हेच पाहिलं. मोबाइल एक, भावंडं तीन, आणि बहुतेक घरांत धाकटी बहीण टेलला!

वस्तू कमी असली की आपण आणखी वस्तू मागतो. मागावीच. पण ती येईपर्यंत पाळी कुठून सुरू करायची, हे तर आपल्याच हातात असतं ना?

तुमच्या शाळेत, घरात टेलला कोण आहे? जरूर कळवा.