कोळी पडला म्हणजे काय पडलं?

बिडकीनला राहायला आल्यावर घरामागच्या मोकळ्या जागेत मी वांगी लावली. शेतीचं ज्ञान शून्य. पानांवर पांढुरके ठिपके पडून ती पिवळी पडायला लागली, तेव्हा शेजारच्या मामांनी कुंपणापलीकडूनच निदान केलं, "कोळी पडलाय, सर." मी झाडन्‌झाड शोधलं, कोळी काही दिसेना. शेवटी न्हाणीघरातला एक दांडगा कोळी कागदावर धरून त्यांच्यापुढे नेला. "हाच का?" मामा हसता हसता बांधावरच बसले.

कृषी केंद्रावर गेलो आणि "कीटकनाशक द्या" म्हणालो. दुकानदारानं विचारलं, "कीड का कोळी?" म्हणजे हे दोन वेगळे? तर हो. किड्याला सहा पाय, कोळ्याला आठ. वांग्यावरचा लाल कोळी टाचणीच्या डोक्याहूनही लहान. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो आणि बारीक जाळीही करतो. शास्त्रात कोळी आणि हा लाल कोळी एकाच अष्टपाद वर्गातले. अष्टपाद म्हणजे, माझ्या भाषेत, आठपाये. काही कीटकनाशकांनी तर लाल कोळ्याला खाणारे किडेच मरतात आणि तो उलट वाढतो. म्हणून औषध वेगळं, कोळीनाशक. भिंगाखाली मी पाय मोजायला बसलो, तर एकाला सहाच निघाले. दुकानदाराला खोटं पाडल्याचा आनंद अर्धा तास टिकला. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात, असं कळलं.

औषध आणलं, पण डोक्यात शब्द अडकला. मासे धरणारा कोळी आणि जाळं विणणारा कोळी, दोघांकडे जाळं. तेव्हा एकाचं नाव दुसऱ्याला दिलं असणार, असा माझा सिद्धान्त. मामांना तो पटलाही. मग मोल्सवर्थचा 1857 चा जाडजूड शब्दकोश उघडला. कोळ्याचे दोन्ही अर्थ मिळाले, सिद्धान्ताला मात्र कुणी आधार देईना. प्राकृतात 'कोलिअ' म्हणजे विणकर, आणि जाळं विणणारा कोळीसुद्धा. संस्कृतात विणकराला 'कौलिक'. म्हणजे भिंतीवरच्या कोळ्याचं नातं होडीशी नाही, मागाशी. आमच्या रस्त्याच्या पुढच्या टोकाला पैठण, तिथे पैठणीचे माग. आणि मी निघालो होतो समुद्राकडे.

शब्दकोशात आणखी एक नाव सापडलं, कातीण. कातते ती कातीण, इतकं सरळ. इंग्रजी 'स्पायडर'ही तसाच, कातणे या अर्थाच्या जुन्या धातूवरून आलेला. एवढी विद्या पदरात पडल्यावर मी एकनाथी भागवताकडे वळलो, कारण नाथ पैठणचे आणि त्यांनी टीका लिहिलेल्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यांतला एक 'ऊर्णनाभि', म्हणजे कोळीच. मी फोड केली: ऊर्णा म्हणजे लोकर, नाभी म्हणजे बेंबी, बेंबीत लोकरवाला! धागा पोटाच्या मागच्या टोकातून निघतो, हे लक्षात घेता नाव फार चुकलेलं नाही. अवधूत या गुरूकडून शिकतो ते असं, की ईश्वर आपल्यातूनच जग काढतो आणि पुन्हा आपल्यातच आवरून घेतो. मी शिकलो लोकर आणि बेंबी.

खरी गंमत वरच्या मजल्यावर होती. तिथला भाडेकरू बिहारचा, औद्योगिक वसाहतीत कामाला. जळमटं काढताना म्हणाला, "मकड़ी है." मी त्याला मराठी शब्द शिकवला, त्यानं नम्रपणे ऐकून घेतला. पुढे स. आ. जोगळेकरांनी 1956 साली मराठीत आणलेली गाथासप्तशती चाळताना दचकलो. हे संकलन सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे आणि सातवाहनांची राजधानी पैठण. त्यातल्या एका गाथेत आढ्यातून आपल्याच धाग्याला उलटा लोंबणारा कोळी न दिसणाऱ्या दोऱ्यात ओवलेल्या एकुलत्या बकुळफुलासारखा दिसतो. मूळ महाराष्ट्री प्राकृतात त्याला कोळी म्हटलेलंच नाही, 'मक्कडअ' म्हटलंय. संस्कृत मर्कटक, हिंदी मकडी, सगळी एकाच घरची. पैठणच्या राजाचा शब्द माझा भाडेकरू बोलत होता आणि मी त्याला सुधारत होतो.

कातीण मात्र मला अजून कुणाच्या तोंडी भेटलेली नाही. तुमच्या घरी, गावी कुणी म्हणत असेल तर जरूर कळवा, आणि कोणत्या गावी तेही लिहा.