शिकवलेला कुत्रा

आमच्या घरात कुत्र्याचं नाव निघालं की दादी पदर सावरून बसायच्या. कुत्र्याने तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, हे आम्हाला अलिफ-बे यायच्या आधी पाठ होतं. कुरआनमध्ये याच कुत्र्याबद्दल आणखी काय आलंय, ते मात्र मला बी.एड. होऊन वर्गावर उभी राहिल्यावर नीट उमगलं.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकारी जनावरांचा उल्लेख आहे. अल्लाहने तुम्हाला दिलेल्या ज्ञानातून तुम्ही ज्यांना शिकवून तयार केलं, त्यांनी तुमच्यासाठी धरलेलं खा आणि अल्लाहचं नाव घ्या, असा तिचा आशय. मी पडले शिक्षिका, माझं लक्ष 'शिकवलं' या शब्दावरच अडकलं. शिकलेल्या कुत्र्याचा दर्जा न शिकलेल्यापेक्षा वेगळा! हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी यावर पैगंबर (स.) यांना विचारलेले प्रश्न बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहेत. सार असं, की कुत्रा सोडताना बिस्मिल्लाह म्हणा. त्याने शिकारीतलं खाल्लं तर तुम्ही खाऊ नका, कारण ती त्याने स्वतःसाठी धरली. दुसरा कुत्रा सामील झाला तरी खाऊ नका, कारण तुम्ही नाव घेतलं ते आपल्या कुत्र्यावर.

इंग्लंडमधल्या स्पॅनिअल कुत्र्याबद्दल वाचताना मला हीच हदीस आठवली. तिथे 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी हा फेजंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम. लांब कानांचा हा बुटका कुत्रा दिवसभर ओल्या काटेरी झुडपांत नाक खुपसून हिंडतो, पक्षी उठवतो. पक्षी उडाला की मात्र त्याने जागीच बसायचं. बंदूक वाजली तरी हुकूम मिळाल्याशिवाय हलायचं नाही. मग पडलेला पक्षी दात न लावता आणून मालकाच्या हातात द्यायचा. उपाशी पोटी तोंडात घास धरून न खाणं! आमच्या पाचवीच्या वर्गाला डबा सुटीपर्यंत झाकून ठेवायला शिकवताना माझा घसा बसतो.

आपल्याकडचा शिकारी कुत्रा म्हणजे कारवान. कर्नाटकातल्या मुधोळमुळे त्याला मुधोळ हाउंडही म्हणतात. 2005 मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं. स्पॅनिअल नाकावर चालतो, हा डोळ्यांवर. माळावर ससा दिसला की हा सुटलाच.

निमगाव केतकी लोकांना माहीत आहे ते पानमळ्यांसाठी आणि तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामासाठी. पण इंदापूर तालुका म्हणजे नुसती बागायत नव्हे. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. वन विभागाने तिथे गवताळ प्रदेशाची सफारीसुद्धा सुरू केली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, आता बापय माणूस, त्याने दोन कारवान पाळले होते. रात्री मोटारसायकलवर बॅटरी घेऊन सशामागे जायचा. एकदा रस्त्यात थांबवून म्हणाला, "बाई, कुत्र्यानं धरलेलं हलाल आहे ना? तुम्हीच सांगितलं होतं." सांगितलं होतं, खरंच. मी म्हटलं, "बाळा, पानमळ्यातलं पान हलालच असतं. म्हणून दुसऱ्याच्या मळ्यातलं तोडून आणशील?" 1972 चा वन्यजीव कायदा आहे, सशाची शिकारही गुन्हा आहे, हे समजावलं. तो हसला आणि गाडीला किक मारून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यातला एक कुत्रा स्टँडजवळच्या हॉटेलामागे पडलेला दिसला. पुढचा पाय मोडून सुजलेला. धावणं संपलं, तसा त्याला तिथे सोडून दिला होता. पोरं दगड मारत होती, त्यातली दोन माझ्याच वर्गातली. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केलं, ही हदीस त्यांना तोंडपाठ. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते दोघांना. मी त्यांनाच पाणी आणायला पिटाळलं. घरी अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एक जुनं जर्मनचं भांडं वेगळं काढून दिलं. "हे परत आणू नका," एवढंच म्हणाल्या. पण रोज भाकरी त्याच काढून ठेवायच्या.

घरात ठेवायचा प्रश्न नव्हताच. शिकार, गुरं-मेंढरं आणि शेतराखण यांसाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये आहे, आणि आमच्याकडे यातलं काहीच नाही. एका मेंढपाळ आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "हा मेंढरावरचा कुत्रा न्हाई बाई. पण वाड्याकडंला बसून भुकला तरी लई झालं." जनावरांच्या डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली, पैसे आजोबांनीच दिले. माझे घेईनात.

पाय जुळला, थोडा वाकडा. आता तो मेंढरांच्या मागे लंगडत चालतो, ससा उठला तर मान वर करून बघतो, आजोबांनी हाक मारली की बसतो. या वयात हे कसं शिकवलं, ते त्यांना सांगता येत नाही, मला तर नाहीच.

मध्यंतरी तो विद्यार्थी कुत्रा परत मागायला गेला होता. "आदी डाक्टरचं पैसं आन," आजोबा म्हणाले. तो अजून गेलेला नाही.