पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही

"सर, पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही." लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्याला सकाळी ऑफिसं उघडताना येणारा फोन बहुधा या वाक्याने सुरू होतो, आणि फोन करणाऱ्याचं म्हणणं बहुधा खरं असतं. पासवर्ड बरोबरच असतो. बिघाड असतो तो पासवर्ड तपासणाऱ्या मशीनपर्यंत पोचण्याच्या वाटेवर.

आमचा नगर जिल्हा, म्हणजे २०२४पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातून निघून जामखेडचं काम करून परत यायचं तर दिवस मोडतो. कॉलेजांच्या लॅब, साखर कारखान्यांची ऑफिसं, पतसंस्थांच्या शाखा अशा पसरलेल्या असताना प्रत्येक मशीनवर जाऊन माणसांची खाती उघडणं परवडत नाही. म्हणून सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एका ठिकाणी ठेवायचे आणि बाकीच्या मशीननी तिथे विचारायचं. त्या ठिकाणाला डिरेक्टरी म्हणतात. तिच्याशी बोलण्याची एलडॅप ही पद्धत १९९३च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात आकाराला आली, कारण आधीची एक्स.५०० पद्धत साध्या संगणकांना झेपत नव्हती. ओळख पटवणारं केर्बेरॉस एमआयटीतलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००बरोबर आणलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी या दोन्हींवर उभी आहे. लिनक्सच्या बाजूला हे काम आता बहुतेक ठिकाणी एसएसएसडी नावाचा प्रोग्राम पाहतो. एलडॅपने पासवर्ड तपासायचा असेल, तर समोरचं मशीन खरंच आपली डिरेक्टरी आहे ना, हे तो आधी तिच्या सर्टिफिकेटवरून ठरवतो. खात्री पटली नाही तर पासवर्ड पुढे पाठवतच नाही.

स्क्रीनवर मात्र यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त "लॉगिन इनकरेक्ट". मग माणसं पासवर्ड बदलून घेतात, पुन्हा बदलतात, खातं लॉक करून घेतात.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुणाचं होतंय आणि कुणाचं नाही? या उत्तरात अर्धं निदान असतं. एसएसएसडीला तशी सोय करून दिली असेल, तर ज्याने त्या मशीनवर पूर्वी लॉगिन केलंय त्याची खूण तो जपून ठेवतो आणि डिरेक्टरी सापडली नाही तरी त्याला आत घेतो. त्यामुळे कॉलेजात नवे प्रवेश झाल्यावर हमखास एक चित्र दिसतं. जुन्या प्राध्यापकांचं लॉगिन होतंय, पहिल्या वर्षाच्या एकाही मुलाचं होत नाही. सगळे म्हणतात, मुलांची खाती नीट उघडली नाहीत. खाती व्यवस्थित असतात. त्या मशीनचं डिरेक्टरीशी बोलणं कदाचित मे महिन्यातच तुटलेलं असतं आणि साठवलेल्या खुणांवर काम चालू असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. अशा वेळी जुन्यांचं होतंय ना, मग सर्व्हर ठीक आहे, हा निष्कर्ष काढणं सर्वांत घातक.

दुसरा प्रश्न घड्याळाचा, आणि यावर मी हट्टाने वेळ घालवतो. केर्बेरॉस दोन मशीनच्या घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचा फरक खपवून घेतं, कारण ओळखीची जुनी चिठ्ठी चोरून पुन्हा वापरणाऱ्याला अडवायचं तर वेळ काटेकोर लागते. सर्टिफिकेटवरही 'या तारखेपासून, या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. वीज जाते, यूपीएस दगा देतो, मशीन रात्रभर बंद राहतं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल तर सकाळी मशीन कुठल्या तरी जुन्याच सालात जागं होतं, आणि त्याच्या मते डिरेक्टरीचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नसतं. किमतीने अगदी किरकोळ बॅटरी, पण तिच्यापायी अख्खी लॅब बसून राहते.

याहून फसवा प्रकार साडेपाच तासांचा. मशीन बसवताना टाइम झोन ग्रिनिचचा राहून जातो. स्क्रीनवर पहाटेचे साडेचार दिसतात, भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजलेले असतात. कुणीतरी हौसेने हाताने दहा वाजवतो, झोन तसाच ठेवतो. आता स्क्रीनवरची वेळ पाहणाऱ्याला अगदी बरोबर वाटते. पण मशीनचा हिशेब आतून ग्रिनिचच्या वेळेवर चालतो, आणि त्या हिशेबाने ते साडेपाच तास पुढे गेलेलं असतं. लॉगमध्ये 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट' अशी ओळ स्पष्ट असते, तरी समोरचा म्हणतो, "सर, टाइम बरोबर आहे, मी आत्ताच बघितला." म्हणून मी वेळ विचारत नाही; वेळेबरोबर झोनचं नाव वाचून दाखवायला सांगतो. हाताने घड्याळ लावण्याची गरजही उरलेली नाही. केंद्र सरकारच्या एनआयसीचे 'समय' नावाचे सर्व्हर आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे सर्व्हर वेळ पुरवतात, आणि सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळं या वेळेशी जुळवून ठेवणं अपेक्षितच आहे.

घड्याळ ठीक असेल तर प्रश्न विश्वासाचा. तुम्ही ई-आधारची पीडीएफ संगणकावर उघडली असेल, तर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' हे शब्द पाहिले असतील. सही खोटी नसते. तुमच्या संगणकावरच्या त्या प्रोग्रामला भारताच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख करून दिलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेले सीसीए, म्हणजे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक, हे एकाने दुसऱ्याची खात्री देणाऱ्या प्रमाणपत्रांच्या साखळीचं मूळ. कोणत्या मुळांवर विश्वास ठेवायचा याची यादी प्रत्येक यंत्रणेची वेगळी असते. जुलै २०१४मध्ये एनआयसीच्या प्रमाणन शाखेकडून गुगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं दिली गेल्याचं उघड झालं, तेव्हा त्याचा धोका प्रामुख्याने विंडोजला होता. फायरफॉक्सच्या यादीत ते मूळ नव्हतंच.

कॉलेजची किंवा कारखान्याची डिरेक्टरी आपलं मूळ स्वतःच तयार करते, आणि ते प्रत्येक लिनक्स मशीनच्या यादीत आपल्यालाच घालावं लागतं. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये त्यासाठीचा फोल्डर एक, उबुंटूत दुसरा. आणि उबुंटूत फाइलच्या नावाचा शेवट 'डॉट सीआरटी' नसेल तर ती फाइल मुकाट्याने वगळली जाते. एररही येत नाही. फाइल डोळ्यांसमोर असते आणि लॉगिन होत नाही, अशी तासन्‌तासांची तडफड या तीन अक्षरांमुळे होते.

इथे अंदाज बांधण्यापेक्षा मशीनलाच विचारावं. ओपनएसएसएल या प्रोग्रामची एस-क्लायंट ही कमांड डिरेक्टरीच्या ६३६ नंबरच्या पोर्टवर चालवली की समोरून आलेली सगळी साखळी दिसते आणि शेवटी एक आकडा येतो. शून्य म्हणजे ठीक. ९ म्हणजे सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही, १० म्हणजे मुदत संपली, २० म्हणजे सही करणारा या मशीनच्या ओळखीचा नाही. फोनवर हा एक आकडा कळला की जामखेडची फेरी बऱ्याचदा वाचते. मात्र सर्टिफिकेटवरचं नाव जुळतं का, हे ही कमांड आपण सांगितल्याशिवाय पाहत नाही. सेटिंगमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता लिहिलेला असेल, तर आकडा शून्य येऊनही लॉगिन अडतं.

कधी आपल्याकडे कुणी काहीच बदललेलं नसतं आणि तरीही बिघडतं. ३० मे २०२० हा शनिवार, टाळेबंदीतला. त्या दिवशी ॲडट्रस्ट नावाच्या जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली. त्याच्या जागी चालणारं नवं मूळ मशीनमध्ये आधीपासून होतं, पण ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्या पर्यायी वाट न शोधता संपलेल्या मुळाशीच अडकल्या आणि जगभर ठिकठिकाणी जोडण्या तुटल्या. उपाय होता यादीतून ते जुनं मूळ काढून टाकण्याचा. सर्व्हर चालतोय ना, मग हात लावू नका, हे आपल्याकडे शहाणपण मानलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. न अपडेट केलेला सर्व्हर कधीतरी असाच बंद पडतो, आणि तोही सुटीच्या दिवशी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. सर्टिफिकेटची एरर आली की इंटरनेटवर चटकन एक तोडगा सापडतो: सेटिंगमध्ये सर्टिफिकेट तपासणीपुढे 'नेव्हर' लिहा. लिहिलं की एका मिनिटात लॉगिन सुरू. फोन थांबतात, सगळे खूश. पण आता ते मशीन समोर कोण आहे हे न पाहता पासवर्ड देऊ लागलेलं असतं. त्याच नेटवर्कमध्ये एखाद्याने लॅपटॉपवर खोटी डिरेक्टरी उभी केली आणि डिरेक्टरीचं नाव स्वतःकडे वळवलं, तर प्राध्यापकाचा, लेखापालाचा, प्राचार्यांचा पासवर्ड त्याच्याकडे उघडा जातो. आणि डिरेक्टरी केंद्रीय असल्यामुळे तोच पासवर्ड बाकी सगळीकडे चालतो. हा 'नेव्हर' मला फार ठिकाणी सापडतो, बहुतेकदा कुणीतरी तात्पुरता म्हणून लिहिलेला. माझ्या मते ही एक ओळ म्हणजे डिरेक्टरी नसण्यापेक्षा वाईट.

दिवस पुढे आणखी घाईचे आहेत. सार्वजनिक प्रमाणन संस्थांकडून मिळणाऱ्या वेबच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, २०२७च्या मार्चपासून १०० आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस ठरली आहे. एवढ्या वेगाने ती हाताने बदलणं जमणार नाही. ते काम मशीनवरच सोपवावं लागेल. आपल्या अंतर्गत डिरेक्टरीला हा नियम लागू नाही, तिथे आपण दहा वर्षांचं सर्टिफिकेटही करू शकतो, आणि करतो. दहा वर्षांनी ते संपतं तेव्हा करणारा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

प्रत्येक कॉलेजात, प्रत्येक कारखान्यात डेडस्टॉक रजिस्टर असतं. खुर्ची, कपाट, पंखा, सगळ्याची त्यात नोंद होते. डिरेक्टरीच्या सर्टिफिकेटची कुठेच नसते. तेव्हा दिवाळीच्या सुटीनंतर ऑफिस उघडेल त्या दिवशी तुमच्या सर्व्हरवाल्याला बोलवा, सर्टिफिकेट कधी संपतंय आणि नवं कोण करणार हे विचारा, आणि ते रजिस्टरात लिहून घ्या. सेटिंगमध्ये 'नेव्हर' लिहिलेलं सापडलं, तर ते त्याच दिवशी काढायला लावा.