सांगलीचें सूत्र

कृष्णाकांठच्या सांगलीस आम्ही गेल्या कार्तिकांत जाऊन आलों. या गांवीं आल्यावर प्रथम गणपतीचें दर्शन घ्यावें, ही जुनी रीत. हें देवालय चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं बांधविलें. मराठी नाटकही त्यांच्याच आश्रयानें उभें राहिलें. म्हणून देवळांतून निघून आम्ही विष्णुदास भावे नाट्यगृहाकडे वळलों.

कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ पाहून तसें नाटक मराठींत रचण्याची आज्ञा आप्पासाहेबांनीं भावे यांस केली, व १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ झालें. त्या नाटकाचा सूत्रधार रंगभूमीवरच, प्रेक्षकांसमक्ष उभा राही. कथेचीं पद्यें तो गाई; पात्रें त्यांस अनुसरून अभिनय करीत व भाषणें आयत्या वेळीं रचीत. पुढील पद्य सुरू झालें कीं प्रसंग पुढें सरके. खेळाची धुरा कोणाच्या खांद्यावर आहे, हें पोरासोरांसही दिसे.

युरोपांत निराळें घडलें. जर्मनींतील मायनिंगेन संस्थानचा ड्यूक दुसरा गेऑर्ग १८६६ सालीं गादीवर आला. नेपथ्याचीं व वेषांचीं चित्रें तो स्वतः काढी. जमावाचे गट पाडून प्रत्येकावर एक जाणता नट नेमी. प्रमुख नटांसही प्रसंगीं गर्दींत उभें करी. १८७४ सालीं त्याच्या मंडळीचे खेळ बर्लिनमध्यें गाजले. १८९० सालीं मॉस्कोंत ते पाहून स्तानिस्लाव्स्की त्या शिस्तीनें भारावले. १८९८ सालीं त्यांनीं नेमिरोविच-दान्चेंको यांच्यासह मॉस्को आर्ट थिएटर स्थापिलें. परंतु पुढें केवळ हुकूम चालविणारें दिग्दर्शन त्यांचें त्यांसच अपुरें वाटूं लागलें, व नटाच्या अंतःकरणांतून भूमिका कशी उमलेल, याचा शोध त्यांनीं जन्मभर केला.

वाचकहो, सूत्र दोन प्रकारचें असतें. बाहुलीचें सूत्र ओढतें. माळेचें सूत्र मणी धरून ठेवतें व स्वतः झांकून राहतें. विष्णुदासांनीं बाहुल्याही घडविल्या होत्या. लांकूड आणि माणूस यांतला भेद त्यांस कोणी शिकवावयास नको होता.

नाट्यगृहाजवळ कांहीं तरुण मंडळींची तालीम चालली होती. दिग्दर्शक विशींतला. एका मुलीस हात कसा उचलावा हें तो दाखवूं लागला, पण मध्येंच थांबला आणि म्हणाला, “राहूं दे, तुझी तूच करून पाहा.” मुलगी क्षणभर घोटाळली, मग तिनें हात उचललाच नाहीं, नुसती मान वळविली. सारे स्तब्ध झाले. चार पिढ्यांचें घर चालविणाऱ्या आमच्या वाचकांस त्या थांबण्याची किंमत निराळी सांगावयास नको.