पोतं तेच, कंबर वेगळी

सोयाबीनची काढणी तोंडावर आलीय. मळणी झाली की कट्टे भरा, उचला, ट्रॉलीत टाका. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, अंगाची.

मी पावणेसहा फूट, त्यात मांड्या लांब. धाकटा भाऊ सव्वापाच फूट, पाय आखूड. खाणं एक, काम एक. पण साठ किलोचा कट्टा तो बसून सरळ उठवतो आणि माझी कंबर आधी बोलते. लोक म्हणतात, "एवढा मोठा गडी अन् पोतं उचलंना!"

यात आळस नाही, मापाचा फरक आहे. लांब मांडीचा माणूस खाली बसला की गुडघे पुढं येतात, पोतं लांब राहतं, मग कंबरेतून ओणवं व्हावं लागतं. पहारीनं धोंडा हलवताना आपण टोकाला धरतो, कारण लांबून जोर जास्त लागतो. इथं ते गणित आपल्यावरच उलटतं. पोतं मणक्यापासून एका वितीऐवजी दोन विती लांब धरलं, तर त्याचा कंबरेवरचा ताण दुप्पट.

वेटलिफ्टिंगवाले बघा. मीराबाई चानू पाच फुटांच्या आतली. 2021 ला टोकियोत 49 किलो वजनगटात दोन्ही प्रकार मिळून 202 किलो उचलून रौप्य घेतलं. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलले, तेही रौप्य. कष्ट त्यांचेच, पण आखूड बांध्याला वजन कमी अंतर वर न्यावं लागतं, हा फायदा आहेच. लांब हातांचंही तसंच. जमिनीवरून उचलताना ते कामी येतात, डोक्यावर न्यायचं झालं की अंतर वाढवतात.

मागच्या हंगामात आमच्याकडचा एक उंच गडी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अंथरुणाला होता. रब्बीची मजुरी बुडाली. औषधाचा खर्च वेगळा.

तेव्हापासून आमच्या खळ्यावर काम मापानं वाटतो. जमिनीवरून उचलायला आखूड पायांचे. ट्रॉलीवर घ्यायला आणि वरची थप्पी लावायला उंच. ट्रॉलीचा तळ माझ्या कंबरेला लागतो, भावाच्या पोटाच्या वर जातो, म्हणून वर फेकताना त्याचेच हाल होतात. थप्पी जमिनीवर नाही, गुडघाभर ओट्यावर. उंच माणसाला खालून उचलावंच लागलं तर पाय फाकवून, पोतं दोन पायांच्या मध्ये घेऊन, पोटाला चिकटवून. साठच्या वरचं पोतं दोघांनी. आणि कट्टा पन्नासचाच भरा, चार कट्टे जास्त झाले तरी चालतील.

गडी लावताना आपण दंड बघतो. यंदा मांडीही बघा. कंबर गेली की बाजारात दुसरी मिळत नाही.