काळे हात

आमच्या वर्गात माझे हात चटकन ओळखू येतात. आधी डिझेलने, मग कपडे धुण्याच्या पावडरीने कितीही चोळले तरी नखांच्या कडेची काळी रेघ जात नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्रीपर्यंत तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतले एक गॅरेज, हा माझा तीन वर्षांचा दिनक्रम आहे.

वाचकहो, मेकॅनिकचे दुःख म्हटले की तुम्हांला ऊन, ग्रीस आणि सोललेली बोटे आठवतील. ती आहेतच. मे महिन्यात तापलेल्या इंजिनाखाली पाठ टेकावी लागते. गंजलेला बोल्ट हट्टाला पेटतो, पाना निसटतो आणि बोटाचे साल निघते. पण हळद लावली की बोट बरे होते. खरे दुखते ते निराळेच.

मागल्या पावसाळ्यात अण्णिगेरीकडचा एक मालवाहू टेम्पो दुसऱ्या गाडीला बांधून आणला. "चालू आगवल्दु, तम्मा," मालक काकुळतीने म्हणाला. वर्षात त्याने दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. आमच्या मेस्त्रींनी, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, मीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर. ढकलून इंजिन चालू केले तर चार्जिंग चौदा. म्हणजे बॅटरी निर्दोष, अल्टरनेटरही निर्दोष. मग दोन तास एकेक वायर तपासणे चालले. शेवटी चॅसीवरून इंजिनाला येणारी अर्थची केबल सापडली. बोल्टखाली हिरवट गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासले, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू!

मामांनी पाचशे रुपये सांगितले. मालकाने विचारले, "पार्ट कोणता घातला?"

"कोणताच नाही, अण्णा."

"मग पाचशे कशाचे? एक बोल्ट आवळायचे?"

अखेर दोनशे हातावर ठेवून तो गेला. मामा काही बोलले नाहीत. मी मात्र रात्री अभ्यासाला बसलो तरी तेच घोळवत राहिलो. नवा स्टार्टर बसवून काही हजारांचे बिल दिले असते, तर जुना स्टार्टर पिशवीत घालून हा मनुष्य समाधानाने गेला असता. डॉक्टरांनी तपासून "काही विशेष नाही" म्हटले तर आपण फी देतो आणि देवाचे आभारही मानतो. गॅरेजात मात्र लोखंडाला किंमत आहे, निदानाला नाही. निदानाची मजुरी मिळत नाही, म्हणून काही जण चांगला पार्ट काढून नवा घालतात. आणि त्यांच्यामुळे सगळी मेकॅनिक जात लुच्ची ठरते. प्रामाणिक माणसाला दोन्हीकडून मार!

आमच्यावर वायदे मोडल्याचाही आरोप असतो. एके काळी भुताला परतवण्यासाठी लोक दारावर कन्नडमध्ये 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये' असे लिहीत. आमच्या गॅरेजच्या दारावर ते लिहिलेलेच आहे, असे गिऱ्हाइके थट्टेने म्हणतात. पण इंजिन उघडल्यावाचून आत काय आहे ते कळत नाही, आणि उघडल्यावर हवा तो पार्ट हुबळीत मिळेलच असे नाही. मग 'उद्या' म्हणण्यावाचून गत्यंतर काय?

त्यात आता गाड्याही बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' चे नियम देशभर लागू झाले. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. गल्लीबोळांतच फिरणाऱ्या गाडीत ती साचत जाते आणि समोर दिवा लागतो. कित्येकदा उपाय एवढाच असतो की बायपासवर अर्धा तास पळवून आणा. पण असे सांगणाऱ्याला कोण पैसे देणार?

पूर्वी मामा आवाजावरून दोष सांगत. आता स्कॅनर जोडावा लागतो, आणि कंपन्यांची माहिती छोट्या गॅरेजला सहजी मिळत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना द्या, असेही बजावले होते. पुढे अपिले झाली. आमच्यापर्यंत अजून त्यातले थोडेच झिरपले आहे.

गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तोच अभिमान बाळगणाऱ्या घरातला मुलगा गॅरेजात जातो म्हणाला, की कपाळाला हात लागतो! मामांची मुले या धंद्यात आली नाहीत. माझ्याही घरी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म येऊन पडले आहेत. मी ते भरीन की नाही, मला खरेच ठाऊक नाही. घासलेल्या केबलवर पहिल्या किल्लीला इंजिन सुरू झाले तेव्हा जो आनंद झाला, तो मला अजून कोणत्या परीक्षेत मिळालेला नाही. पण आनंदावर घर चालत नाही, हेही मी पाहतो आहे.

प्राध्यापकांकडे आणि मित्रांकडे एकच मागणे आहे. पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा "काय बदलले?" असे विचारण्याआधी "काय सापडले?" असे विचारा. मेकॅनिक नीट समजावून सांगत असेल, तर त्या सांगण्याचेही पैसे द्या. ते दोनपाचशे रुपये कदाचित एखाद्या मुलाला या धंद्यात प्रामाणिकपणे टिकवून ठेवतील.